भुताला ओ देण्याची सोय

पुंजाजी खंडारे यांनी कृषी कचेरीतल्या एकतीस वर्षांत एकशे बारा गुणदोष अहवाल लिहिले आणि त्यातला एकही कोणी वाचला नाही. हा नुसता संशय नव्हे, याला पुरावा आहे. प्रत्येक अहवालाच्या तिसऱ्या आणि चौथ्या पानाच्या कोपऱ्यांमध्ये ते डिंकाचा मोहरीएवढा ठिपका लावत. वाचणाऱ्याने पान उलटलं की ठिपका सुटणार. निवृत्तीच्या दिवशी, गळ्यातला हार तसाच ठेवून, त्यांनी कपाट उघडलं. एकशे बाराच्या एकशे बारा जोड्या अजून घट्ट बिलगून होत्या. नवराबायकोसुद्धा इतकी वर्षं अशी राहत नाहीत.

त्या वर्षांत वऱ्हाडात समित्यांचं उदंड पीक होतं. कापसाला भाव नव्हता, पण कापसाच्या अभ्यासाला होता. एक समिती तिवशाला उतरायची, दुसरी वरुडला, आणि जेवायला दोघी अमरावतीत. जाताना साहेब गाडीच्या काचेतून म्हणत, "खंडारे, गुणदोष तेवढे लिहून ठेवा." खंडारे लिहून ठेवत. ठेवलेलं राहत असे.

म्हणून निवृत्तीनंतर एके दिवशी अमरावतीच्या फ्रेजरपुऱ्यातल्या घरी त्यांची मुलगी प्रियदर्शनी समोर येऊन म्हणाली, "बाबा, एक गुणदोष अहवाल लिहून पाहिजे," तेव्हा पुंजाजींच्या हातातला चहा बशीत सांडला.

"कोनती योजना होय?"

"योजना नाही. गेम होय. भुताचा."

आता हा गेम म्हणजे काय ते सांगायला हवं. प्रियदर्शनी आणि शेजारच्या इनायतुल्लाभाई गादीवाल्यांची जेबा, दोघी बडनेऱ्याला कॉम्प्युटर शिकल्या, आणि इनायतभाईंच्या रुईच्या, म्हणजे गादीत भरायच्या कापसाच्या, कोठीत बसून त्यांनी 'ओसाड जिनिंग' नावाचा एक गेम बनवला. जीव वाचवत पळायचा भयखेळ. खेळणारा एकटा, बंद पडलेल्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, अडकलेला. हातात टॉर्च, खिशात मोजकी औषधं, आणि मागे भूत. हा पहिला भाग परतवाड्यापर्यंतच्या इंटरनेट कॅफेंतून इतका चालला, की पोरं किंचाळायला तासाचे पैसे भरत. आता दोघींनी आठ महिने खपून दुसरा भाग केला होता. पण सीडी विकणारे अकोल्याचे मुजम्मिल शेठ अडून बसले होते. त्यांचं म्हणणं, दुसरा भाग म्हणजे उरलेल्या भाजीत पाणी. "मले आधी गुणदोष लिहून आना. लिहिनारा असा पाहा का त्याले लिहिता येते, अन् गेम खेळता येत नाही. खेळनारे पोट्टे सगळ्यालेच मस्त म्हनतात."

लिहिता येतं आणि खेळता येत नाही! अख्ख्या अमरावती जिल्ह्यात पुंजाजींइतका पात्र उमेदवार नव्हता.

त्यातही एक गोष्ट होती, जी कोणी बोलून दाखवत नव्हतं. पुण्याच्या एका कंपनीकडून दोघींना फोन उचलायच्या नोकरीची पत्रं आली होती. शेठने गेम घेतला तर पोरी इथेच राहून तिसरा भाग करणार. नाही घेतला तर पुढच्या एक तारखेला पुणं. खंडाऱ्यांचं घर आणि इनायतभाईंचं घर, मधली भिंत एकच. त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना सध्या आवाज कमी झाला होता.

"लिहितो," पुंजाजी म्हणाले. "पन मी बाप हाओ हे पह्यल्या पानावर जाहीर करीन. अन् दोष दिसला तर दोष लिहीन."

"लिहा," प्रियदर्शनी म्हणाली. पण तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं होतं.

सोमवारी कोठीतला कॉम्प्युटर खंडाऱ्यांच्या घरी आणून कामाला सुरुवात झाली. गेम अंधारात खेळायचा असतो, असं जेबाने सांगितल्यामुळे इनायतभाईंनी खिडकीला एक डबल बेडची गादी उभी करून दिली. भर दिवसा खंडाऱ्यांच्या खिडकीत गादी पाहून समोरचे सूर्यभानजी, एस.टी.तले निवृत्त कंडक्टर, चपला न घालता धावत आले.

"काय झालं? कोन बिमार हाये?"

"कोनी नाही. भुताचं काम करून राह्यलो," पुंजाजी खोलीतून म्हणाले.

सूर्यभानजी लगेच आत येऊन खुर्चीवर बसले आणि पुढचे सहा दिवस तिथून उठले नाहीत.

पहिल्या दिवशी पुंजाजींचा नायक दाराऐवजी भिंतीकडे गेला आणि जाऊन राहिला. अर्धा तास तो भिंतीला छाती लावून जागच्या जागी चालत होता. पुंजाजी बोटांनी बटणं दाबत होते आणि मानेने, खांद्याने, नंतर अख्ख्या अंगाने उजवीकडे झुकत होते. शेवटी खुर्चीसकट ते स्वतः दाराशी पोचले, नायक तिथेच. इंदूबाई, म्हणजे पुंजाजींची बायको, भाजीची टोपली घेऊन जाता जाता थांबली.

"त्या भिंतीले काहून भिडून राह्यले? तिनं काय केलं तुमचं?"

पुंजाजींनी वहीत नोंद केली : 'दोष १. नायकास दार दिसत नाही. सदर बाब परीक्षकासही लागू असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' अहवाल प्रामाणिक असावा, हे त्यांचं व्रत होतं.

दुसऱ्या दिवशी नायक चालू लागला. पण पुंजाजींची नजर पडद्याच्या कोपऱ्यावर गेली. तिथे टॉर्चचे सेल दाखवले होते. शंभर टक्के. चार पावलं गेल्यावर नव्व्याण्णव. पुंजाजी खुर्चीत सरळ बसले. रोज अकरा ते तीन वीज नसलेल्या गावात राहणारा माणूस तो. घरातली खरी टॉर्च त्यांनी तीन वर्षांपूर्वी घेतली होती, आणि तिच्यातले सेल अजून मूळचेच होते, कारण 'लागेल तेव्हा लावू' म्हणून ती कधी लावलीच नव्हती. त्यांनी पटकन बटण दाबून टॉर्च बंद केली. पडदा काळा झाला, आणि त्या काळ्या पडद्यात पुंजाजी हाताने चाचपावं तसे पुढे निघाले.

जेबा मागे उभी होती. "काका, टॉर्च लावा ना."

"लागंल तवा लावीन, बेटा."

"आत्ता लागते, काका!"

"आत्ता भागून राह्यलं."

जेबाच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी राहिलं. तिने आठ महिने त्या जिनिंगच्या भिंती रंगवल्या होत्या. खऱ्या पडक्या जिनिंगमध्ये जाऊन एकेका विटेचे फोटो काढले होते, कोळ्याच्या जाळ्यात अडकलेला रुईचा पुंजकासुद्धा तिने तंतूतंतूने काढला होता. पुंजाजींनी यातलं काहीही पाहिलं नाही. अहवालाच्या 'चित्रकाम' या रकान्यात त्यांनी लिहिलं : 'उत्तम असावे, असे कळते.'

पण अंधारात कान उघडतात. भिंतीपलीकडून जसा इनायतभाईंच्या कापूस पिंजायच्या पिंजणाचा आवाज यायचा, तोच टणंग टणंग आवाज गेममध्ये कुठूनतरी येत होता. जेबाने बापाचंच पिंजण त्यात भरलं होतं. रोज दुपारी ज्या आवाजावर पुंजाजींना झोप लागायची, तोच इथे असा काही यायचा की मानेवरचे केस उभे राहावेत. सूर्यभानजींनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. 'गुण ४', पुंजाजींनी लिहिलं, 'ओळखीचा आवाज अनोळखी करून दाखविला आहे. हे सोपे नाही.'

तिसरा दिवस वैभवाचा होता. या गेममध्ये जिथवर खेळ झाला तिथवर जपून ठेवायचा असेल, तर टाइमकीपरच्या केबिनमध्ये जाऊन हजेरीपटावर सही करावी लागे. पुंजाजींना एकदम माहेरी आल्यासारखं झालं. त्याच्या पुढे तीन कुलपांचं दार होतं. पहिली किल्ली मुनीमाच्या टेबलात, पण ते टेबल उघडायला वजनकाट्यावरची चिठ्ठी हवी, चिठ्ठी मिळायला फाटकावर नोंद हवी, आणि नोंद करायला पहिली किल्ली हवी. कॅफेतली हुशार पोरं या दारापाशी दोन दोन दिवस रडली होती. पुंजाजींनी चार मिनिटांत दार उघडलं.

"बाबा! कसं जमलं?" प्रियदर्शनी ओरडली.

"सोपं हाये. जो कागद मिळत नाही तो आधी मिळाला असं समजून सही करा लागते, अन् मंग मांगून तो कागद जोडा लागते." ते खुर्चीत टेकून बसले. "हे कोनाच्या डोक्यातलं होय? लय अभ्यास दिसते."

"तुमचंच होय. तुमी जेवताना सांगत होते ना कचेरीतलं."

पुंजाजींनी सावकाश लिहिलं : 'गुण ७. कार्यपद्धती वास्तवाशी तंतोतंत सुसंगत.' आणि चष्मा पुसला.

चौथ्या दिवशी भूत आलं.

आलं म्हणजे दिसलं नाही. टॉर्च बंदच होती. आधी पिंजण थांबलं. मग अंधाराच्या पार तळातून एका बाईचा आवाज आला. जिनिंगमध्ये रुई आणि सरकी वेगळी करता करता हरवून गेलेली ती कामकरीण होती, आणि ती ओवी म्हणत होती :

सरकी राहिली गं मागं, रुई गेली दूरदेशी
हाका मारू मारू थकली, ओ देईना गाववासी

सूर्यभानजींनी डोळे मिटले. जेबाने श्वास रोखला. ओवी संपली, आणि काळोखातून हाक आली, "अवोऽऽ, आयकता काऽऽ?"

"आलो वो!" पुंजाजी म्हणाले, टॉर्च लावली, आणि सरळ आवाजाच्या दिशेने चालत जाऊन मेले.

मग प्रियदर्शनी हळूच म्हणाली, "बाबा, तिनं बोलावलं का जायचं नाही. गप बसायचं."

"हा आवाज कोनाचा होय?"

"आईचा," ती म्हणाली. "आईसारखी ओवी कोनाले येते?"

इंदूबाई दारात उभी होती आणि पदर तोंडाला लावून हसत होती. जात्यावरच्या ओव्या तिच्या आईकडून आलेल्या. भीमजयंतीला वस्तीत तिच्या गाण्याशिवाय कार्यक्रम सुरू होत नसे. पोरींनी तिला रुईच्या कोठीत बसवून गाऊन घेतलं होतं. ओवी कशाला हवीय, हे तिला विचारायचं सुचलं नव्हतं.

त्या दिवशी पुंजाजी चौदा वेळा मेले. दर वेळी ठरवायचे की गप बसायचं, आणि दर वेळी ती "आयकता काऽऽ" आली की बोट आपोआप टॉर्चकडे जायचं. तेहतीस वर्षांच्या संसाराची सवय. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं, की खंडारेबाबू बायकोच्या हाकेने मरतात. पानठेल्यावर कोणीतरी हळूच "आयकता काऽऽ" म्हटलं, आणि पुंजाजींनी मान वळवली, हीच चूक झाली.

सल्ले सुरू झाले. सूर्यभानजी म्हणाले, "तिच्या नजरेले नजर द्या. मी सत्तावीस साल गाडीवर होतो. ज्याच्यापाशी तिकीट नाही ते खिडकीतूनच पाह्यते."

इनायतभाई रुईच्या कणांनी पांढरे झालेले आले. "खंडारेबाबू, भागो मत. बसून राहा. रुईच्या ढिगात बसला मानूस मलेच दिसत नाही, भुताले काय दिसंल?"

आणि इथेच घात झाला, कारण इनायतभाईंचं बरोबर होतं. पाचव्या दिवशी पुंजाजींना शोध लागला, की टॉर्च लावली नाही तर भुताला काहीच दिसत नाही. ते अगदी शेजारून जातं, गातं, आणि निघून जातं. भूत टॉर्चच्या उजेडावर येतं, असं पोरींनी बनवलं होतं. पण वऱ्हाडातला माणूस अख्खा गेम टॉर्च न लावता खेळेल, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. पुंजाजी हाक येते तिथपर्यंत जसेच्या तसे पोचले होते, सेल नव्व्याण्णव टक्के. म्हणजे ज्याने उजेड केला नाही त्याला भीतीच नाही. भयखेळात याहून मोठा दोष कोणता?

ते त्यांनी पोरींना सांगायचं ठरवलं आणि वीज गेली. पाचही दिवस अकरा ते तीन वीज जातच होती. पुंजाजी उरलेल्या वेळात खेळून भागवत होते. पण रविवारी अहवाल शेठकडे न्यायचा, म्हणजे दोनच दिवस उरले होते. सूर्यभानजींनी सुचवलं, "वीज कचेरीत अर्ज द्या. खास कारनासाठी चालू ठेवतात."

कचेरीतल्या अर्जात कारणाचे रकाने होते : परीक्षा, विवाह, शस्त्रक्रिया, इतर. पुंजाजींनी 'इतर'वर खूण करून सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'भूत तपासणे.' खिडकीतल्या बाबूने ते वाचलं. त्याच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. पुंजाजींना त्याच्याबद्दल फार आदर वाटला.

"भूत घरगुती हाये का व्यापारी?"

पुंजाजींनी नीट विचार केला. "आवाज घरगुती हाये. पन विक्री व्यापारी होनार."

"मंग दोन अर्ज करा. दर येगळा हाये."

दोन्ही अर्ज मंजूर झाले. मंजुरीचं पत्र अकराव्या दिवशी आलं, तोवर बरंच काही होऊन गेलं होतं. पण पत्रात 'आपल्या भुतास' असा उल्लेख असल्याने ते त्यांनी फाईलला लावून ठेवलं.

शनिवारी अहवाल लिहायला बसले तेव्हा मात्र हात चालेना. गुण चौदा होते, दोष बावीस. त्यातला अंधाराचा दोष लिहिला, की शेठ गेम घेणार नाहीत. नाही लिहिला, तर तो अहवालच नाही. भिंतीपलीकडे पिंजण बंद होतं. इंदूबाई तांदूळ निवडत शेजारी बसली.

"काहून थांबले?"

"खरं लिहिलं तर पोरगी पुन्याले जाते."

"अन् खोटं लिहिलं तर?"

"तर मी एकतीस वर्षं उगाच खरं लिहिलं."

इंदूबाईने सुपातला एक खडा काढून बाजूला ठेवला. "लिहा खरं. पोरीनं तुमाले काय खोटं लिहाले सांगितलं होतं का? खोटं लिहिनारे तर अकोल्यातच लय हायेत." मग उठता उठता म्हणाली, "माह्याकडूनबी एक दोष लिहा. मी एवढ्या हाका मारून राह्यली, अन् कोनी ओ देईना. अशानं बाई भूत नाही होईल तर काय होईल?"

पुंजाजींनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी अंधाराचा दोष पूर्ण अडीच पानं लिहिला, आणि शेवटी तेविसावा मुद्दा घातला : 'सदर बाई वारंवार हाक मारते. तिला ओ देण्याची सोय संपूर्ण खेळात कुठेही आढळली नाही. ती तातडीने करावी.' चौदा पानं झाली. तिसऱ्या आणि चौथ्या पानाच्या कोपऱ्यांत त्यांनी डिंकाचा ठिपका लावला. सवय.

रविवारी सकाळी दोघी पोरी आणि ते, एस.टी.ने मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला पोचले. मुजम्मिल शेठचं दुकान सीड्यांनी छतापर्यंत भरलेलं. शेठनी अहवाल हातात घेतला, पहिलं पान पाहिलं.

"लडकीचे बाप होय तुमी?"

"तसं पह्यल्याच परिच्छेदात जाहीर केलं हाये."

शेठ गालात हसले आणि वाचू लागले. पहिलं पान. दुसरं. पुंजाजींनी चहाचा पेला तोंडाशी नेला होता, तो तिथेच राहिला. शेठनी तिसरं पान उलटायला घेतलं आणि ते चौथ्यासकट आलं. त्यांनी कपाळाला आठी घातली, बोट जिभेला लावलं, कोपऱ्यात नख घातलं.

टच्च.

इतका बारीक आवाज. दुकानात पंखा होता, बाहेर रिक्षा होत्या, तरी पुंजाजींना तो आरपार ऐकू गेला. प्रियदर्शनीने दचकून पाहिलं, तर बाबांचे डोळे भरून आले होते. तिला वाटलं, गेम गेला.

शेठ चौदाही पानं वाचत होते. मध्येच एकदा मोठ्याने हसले. "चित्रकाम उत्तम असावे, असे कळते!" एकदा म्हणाले, "पान नऊ परत सांगा. अंधारात भूत पाहूच शकत नाही?" पुंजाजींनी उभं राहून सांगितलं. साहेबांसमोर उभं राहावं तसं, पण आवाज साहेबाचा. जेबा खाली मान घालून उभी होती.

शेठनी अहवाल मिटला. "पोरींनो, आमच्याकडं पाचशे सीडी पाठवा. पन पान नऊचं भोक बुजवून, अन् तेवीस नंबरचा मुद्दा पुरा करून. ये तेवीस नंबर किसने लिखा?"

"मीच. म्हंजे, भुतानं सांगितलं," पुंजाजी म्हणाले.

परत आल्यावर पुण्याची दोन्ही पत्रं इनायतभाईंनी एका गादीत भरून वरून टाके घातले. ती गादी कोणाला विकली ते त्यांनी सांगितलं नाही. त्या रात्री भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकच भाजी होती.

तीन आठवड्यांनी प्रियदर्शनीने सीडी आणून बाबांच्या हातावर ठेवली. तिला एक चिठ्ठी जोडली होती, खाली दोघींच्या सह्या. 'पान ९ व मुद्दा क्र. २३ : अहवालानुसार कार्यवाही केली.'

पुंजाजींनी ती चिठ्ठी तीनदा वाचली. 'कार्यवाही केली.' एकतीस वर्षांत 'पाहिले', 'फाईलला लावावे', 'चर्चा करावी' हे सगळं त्यांनी पाहिलं होतं. चिठ्ठी त्यांनी घडी करून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली, चष्म्याच्या मागे.

खिडकीला गादी लागली. सूर्यभानजी येऊन बसले. आता अंधारातही भूत माणूस हुडकायचं. पोरींनी ते चोख केलं होतं. पिंजण थांबलं, ओवी झाली, आणि हाक आली. पडद्याखाली एक नवं बटण होतं. पुंजाजींनी दाबलं.

"आलो वो!" पडद्यातून आवाज आला, आणि तो पुंजाजींचा स्वतःचाच होता. जेबाने चौथ्या दिवशी गुपचूप भरून ठेवला होता, चौदा मरणांतला सगळ्यात स्पष्ट. नायकाने टॉर्च लावली. पहिल्यांदाच पुंजाजींना त्या भिंती दिसल्या, वीट न् वीट, जाळ्यातला रुईचा पुंजका, आणि पुंजक्याजवळ उभी असलेली बाई. तिने मारलं नाही. ती गाऊ लागली :

सरकी हासली गं बाई, रुई आली दारापाशी
एका हाकेला ओ आली, उजेड गं माझ्यापाशी

आणि तीन कुलपांमागचं मोठं फाटक हळूहळू उघडू लागलं.

"भिंती खरंच उत्तम हायेत, बेटा," पुंजाजी म्हणाले.

तेवढ्यात वीज गेली. अकरा वाजले होते. हजेरीपटावर सही राहिली होती, फाटक अर्धंच उघडलं होतं, आणि गादी लावलेल्या खोलीत भर दिवसा मिट्ट काळोख झाला. सूर्यभानजी कुठेतरी धडपडले. स्वयंपाकघरातून हाक आली, "अवोऽ, आयकता का? इकडं जरा!"

"आलो वो!" पुंजाजी म्हणाले. मग कोनाड्यात हात घालून त्यांनी तीन वर्षं जपलेली टॉर्च काढली, आणि लावली.